आंबट द्राक्षांचा मुलूख

हॅम्पशायर परगण्यातलं हॅम्बल्डन हे गाव क्रिकेटच्या इतिहासात रमणाऱ्यांना ठाऊक असतं. अठराव्या शतकात या खेडेगावातल्या क्लबाने ब्रॉडहाफपेनी डाउनच्या माळावर इंग्लंडच्या निवडक संघांना धूळ चारली होती. त्याच गावात १९५२ साली सर गाय सॅलिसबरी-जोन्स या निवृत्त मेजर जनरलसाहेबांनी घराजवळच्या उतारावर द्राक्षाच्या वेली लावल्या. नोकरीची काही वर्षं फ्रान्समध्ये गेलेली, वाइनची आवड तिथलीच. आधुनिक इंग्लंडमधला व्यापारी द्राक्षमळा म्हणतात तो पहिला हा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हा म्हातारपणचा नाद मानला असेल, तर त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. पुढची तीस-चाळीस वर्षं इंग्लिश वाइन म्हणजे हौशी लोकांची हौस, अशीच तिची पत होती.

आज ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक द्राक्षमळे आहेत, बहुतेक इंग्लंडच्या दक्षिणेला: केंट, ससेक्स, सरे, हॅम्पशायर, आणि पश्चिमेला थेट कॉर्नवॉलपर्यंत. २०२३च्या हंगामात तिथे दोन कोटींहून अधिक बाटल्यांइतकी वाइन निघाली. तो विक्रम होता. त्याआधीचा विक्रम २०१८चा, सुमारे एक कोटी तीस लाखांचा. शॅम्पेन बनवणारी तेतँझे ही फ्रेंच पेढी २०१५ मध्ये केंटमध्ये जमीन घेऊन बसली आणि २०१७ मध्ये तिने तिथे वेली लावल्या. फ्रेंच माणूस इंग्लंडमध्ये द्राक्षं लावायला येतो, ही गोष्ट जनरलसाहेबांच्या काळात विनोद म्हणूनसुद्धा चालली नसती.

हे कसं घडलं? ‘हवामान तापलं म्हणून’ हे त्याचं सोपं उत्तर, आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की इंग्लंडच्या द्राक्षांचा जो दोष होता, आंबटपणा, तोच कामाला लावायची युक्ती सापडली. छोट्या इंग्लिश मळ्याला भेट द्यायची असेल तर ही युक्ती आधी समजून घ्यावी. मग शिवारातली प्रत्येक गोष्ट आपोआप उलगडत जाते.

द्राक्ष पिकतं म्हणजे त्यात साखर वाढते आणि आम्ल घटतं. उबदार रात्रींत मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं; थंड रात्रींत ते टिकून राहतं. दक्षिण इंग्लंड ५१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे, नाशिक २० अंशांवर. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर उजाडला तरी मण्यात साखर बेताची आणि आम्ल भरपूर, अशी अवस्था असते. अशा द्राक्षांची साधी वाइन केली की दात आंबतात. १९५० ते १९८० या काळातल्या मळेवाल्यांनी यावर उपाय म्हणून लवकर पिकणारे जर्मन संकरित वाण लावले, म्युलर-थुरगाउ, रायखेनस्टायनर वगैरे, आणि वाइनमध्ये थोडी गोडी ठेवून आंबटपणा झाकला. पिणाऱ्यांनी नाक मुरडलं.

मग १९८८ मध्ये शिकागोहून आलेल्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या दांपत्याने वेस्ट ससेक्समधल्या नाईटिंबर या जुन्या वाड्याच्या जमिनीत शार्डोने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए हे शॅम्पेनचे तीन वाण लावले. इथे सफरचंद लावा, असा सल्ला त्यांना जाणकारांनी दिला होता म्हणतात. पण त्यांचा हिशेब सरळ होता. उत्तम स्पार्कलिंग, म्हणजे फसफसत्या, वाइनला कमी साखरेची, जास्त आम्लाची द्राक्षंच लागतात. ती फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या शेतकऱ्याला थंडीमुळे मिळतात, आणि ससेक्समध्ये तर थंडी आणखी जास्त. त्यांच्या १९९२च्या द्राक्षांची पहिली वाइन चार-पाच वर्षांनी बाजारात आली आणि स्पर्धांमध्ये बक्षिसं घेऊन गेली. २०१० मध्ये ससेक्समधल्याच डिचलिंग गावच्या रिजव्ह्यू या कौटुंबिक वायनरीने ‘डिकँटर’ मासिकाच्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम स्पार्कलिंगचा मान शॅम्पेनवाल्यांच्या नाकावर टिच्चून मिळवला. आज इंग्लंडमध्ये होणाऱ्या वाइनचा मोठा हिस्सा स्पार्कलिंगचाच असतो.

आता मळ्यात चला. मोठे मळे पाहायचे तर डॉर्किंगजवळचं डेनबीज आहे. २६५ एकरांचा पसारा, उपाहारगृह, टेकडीवर फिरवणारी गाडी. पण माझं मत विचाराल तर इंग्लिश वाइन कळायला पाच-दहा एकरांचा मळा बरा. ससेक्समधल्या लुइस शहराजवळ, लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या रॉडमेल गावाच्या वर, ब्रेकी बॉटम नावाचा सहाएक एकरांचा मळा आहे. पीटर हॉल यांनी तिथे १९७४ मध्ये सेव्हाल ब्लाँ या वाणाच्या वेली लावल्या. साउथ डाउन्सच्या गवताळ टेकड्यांच्या घडीत दडलेली ही जागा आहे. असे मळे रस्त्यावरून दिसतच नाहीत. अरुंद गल्लीसारखी वाट, दोन्ही बाजूंना उंच झुडपी कुंपण, मध्येच मेंढ्यांचं कुरण, आणि मग वळणावर एकदम तारांवर बांधलेल्या वेलींच्या सरळ ओळी.

पहिल्यांदा बघायचा तो उतार. इंग्लंडमध्ये बहुतेक चांगल्या बागा दक्षिणेकडे कललेल्या उतारावर, समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरच्या आत असतात. सूर्य तिथे उन्हाळ्यातही फार डोक्यावर येत नाही. दक्षिण उतारावर त्याचे किरण जरा कमी तिरपे पडतात आणि माती चार घटका जास्त तापते. शंभर मीटर वर चढलं की तापमान अर्ध्या अंशाहून अधिक उतरतं, आणि इथे प्रत्येक अर्धा अंश मोलाचा. खाली पाहिलंत तर पायाखाली बऱ्याच ठिकाणी पांढरा खडू दिसेल. डोव्हरच्या प्रसिद्ध पांढऱ्या कड्यांचा हा खडू इंग्लिश खाडीच्या तळाखालून फ्रान्समध्ये शॅम्पेनपर्यंत गेलेला आहे. तो पावसाचं जास्तीचं पाणी झिरपू देतो आणि कोरड्या दिवसांसाठी ओल धरूनही ठेवतो. मात्र खडू म्हणजेच सर्वस्व, असं कुणी सांगू लागलं तर मान डोलावून पुढे चालावं. नाईटिंबरची मूळ बाग हिरवट वालुकाश्मावर आहे आणि तिथली वाइन कुठेही कमी पडलेली नाही.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला इथे सर्वांत नवल वाटेल ते वेलीच्या झोपेचं. आपल्याकडे वेल कधी पुरती झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावावं लागतं आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात पानं गळतात, वेल चार-पाच महिने निपचित पडते, त्या गारठ्यात एकच छाटणी होते. मांडव नाही, वाय पद्धत नाही. खोडापासून एक-दोन काड्या राखून तारेवर आडव्या बांधायच्या आणि फुटवे सरळ वर वाढू द्यायचे. पानांची भिंत पातळ ठेवायची, म्हणजे ऊन घडांपर्यंत पोचतं आणि वारा खेळून ओल सुकते. कारण केवडा आणि भुरी हे दोन्ही शत्रू तिथेही आहेत, सोबतीला घड कुजवणारी करडी बुरशी. हिवाळ्यात काही मळ्यांत ओळींमध्ये मेंढ्या सोडलेल्या दिसतात. त्या गवतही खातात आणि खतही देतात; फुटवे दिसू लागायच्या आत मात्र त्यांना बाहेर काढावं लागतं.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. डोळे फुटून कोवळी पालवी आली की एका रात्रीचं दव गोठणं पुरतं. २०१७च्या एप्रिलमध्ये आणि २०२०च्या मेमध्ये अशा रात्रींनी अनेक मळ्यांचं पीक नेलं. थंड हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि जिथे अडते तिथे साचते. म्हणून जाणता मळेवाला उताराच्या तळाशी दाट कुंपण ठेवत नाही; हवेला निघून जायला वाट ठेवतो. तरीही पारा उतरलाच, तर मध्यरात्री सगळं घर उठून ओळींमध्ये मेणाने भरलेले डबे पेटवत जातं. शेकडो डबे. रात्रभर जळले की हवा एक-दोन अंशांनी तापते, तेवढ्यावर पीक वाचतं. गमतीची नव्हे, काळजीची बाब अशी, की तापत्या हवामानाने हा धोका कमी केलेला नाही. २०१४ ते २०२३ हे दशक ब्रिटनमध्ये १९६१ ते १९९०च्या सरासरीपेक्षा सव्वा अंशाने उबदार होतं. त्यामुळे द्राक्षं पिकू लागली हे खरं, पण डोळेही लवकर फुटू लागले आणि शेवटच्या थंडीच्या तडाख्यात सापडू लागले.

जूनअखेर, विम्बल्डनच्या सुमारास, फुलोरा येतो. त्या दिवसांत पाऊस लागून राहिला की फळधारणा होत नाही आणि पाहुण्यांपुढे हसऱ्या चेहऱ्याने उभा असलेला मालक मनातून वर्षाचा हिशेब मिटवत असतो. २०१२चा उन्हाळा असाच भिजलेला गेला. नाईटिंबरने त्या वर्षी द्राक्षं वाइन करण्याच्या लायकीची नाहीत असं ठरवून हंगामच सोडून दिला. साधारण वर्षी एकरी दोन-तीन टन माल मिळाला तरी समाधान मानतात. आपल्या खाण्याच्या द्राक्षांच्या बागायतदाराला हा आकडा ऐकून हसू येईल. त्यातूनही वाटेकरी असतातच. साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग थव्याने येतात, शिकारीसाठी पाळून सोडलेले फेझंट कोंबड्यांसारखे घड टिपतात, आणि बॅजर हा रात्री हिंडणारा गलेलठ्ठ प्राणी नेमका तोडणीच्या आदल्या आठवड्यात, गोडी भरल्यावर हजर होतो.

तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, बहुतेक हातानेच. छोट्या मळ्यांत या कामाला गावकरी आणि मित्रमंडळी येतात, दुपारी सगळ्यांना जेवण असतं. स्पार्कलिंगसाठी घड अखंडच यंत्रात घालून हलक्या दाबाने रस काढतात. पिनो न्वार आणि पिनो म्युनिए ही काळी द्राक्षं, पण त्यांचा गर बिनरंगी असतो. रंग सगळा सालीत. हलक्या हाताने दाबलं तर काळ्या द्राक्षांतून पांढरी वाइन निघते. एका बाटलीला सव्वा ते दीड किलो द्राक्षं लागतात, म्हणजे अशा बागेत एका वेलीची कमाई साधारण एक बाटली, चांगल्या वर्षी थोडी जास्त.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मळे हजाराच्या वर असले तरी वायनरी अडीचशेच्या आसपासच आहेत. कारण यंत्रं महाग. पुष्कळ छोटे मळेवाले आपली द्राक्षं दुसऱ्याच्या वायनरीत नेऊन, पैसे मोजून वाइन करून घेतात. यात कमीपणा काही नाही. पण मळ्यात जाऊन टाक्या, पिंपं पाहायची हौस असेल तर आधी चौकशी करून जावं.

वायनरीतलं काम म्हणाल तर ते दोन टप्प्यांचं. रस स्टीलच्या टाकीत आंबवून आधी साधी, पातळ, कडक आंबट वाइन करतात. तिच्यात दहा-साडेदहा टक्के मद्यार्क असतो. ही चाखायला मिळाली तर जरूर चाखावी, तोंड वेडंवाकडं होईल आणि पुढचं सगळं समजेल. मग ती बाटल्यांत भरताना दर लिटरला चोवीसएक ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि सोडावॉटरच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं बूच दाबून बसवतात. बंद बाटलीत यीस्ट पुन्हा साखर खातं. तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला जागाच नसते, तो वाइनमध्ये विरघळतो. दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या दुपटीहून बराच जास्त. म्हणूनच या बाटल्या जाड आणि जड असतात.

काम संपलं की यीस्ट मरून तळाशी साचतं, आणि वाइनला त्याच्यासोबत तशीच आडवी पडू देतात. इंग्लंडच्या नियमानुसार किमान नऊ महिने, चांगले मळेवाले दोन-तीन वर्षं किंवा त्याहूनही जास्त. या मृत यीस्टमधून हळूहळू भाजलेल्या पावाचा, सुक्यामेव्याचा वास वाइनमध्ये उतरतो आणि आम्लाची धार गोलावते. आंबटपणा नसता तर इतकी वर्षं वाइन टिकली नसती. मळमळीत झाली असती. नंतर बाटल्या उलट्या करून, रोज थोड्या फिरवून गाळ मानेत आणतात. हाताने याला सहा-आठ आठवडे लागायचे. आता फिरत्या पिंजऱ्यात आठवड्याभरात होतं. मान अतिथंड द्रवात बुडवली की गाळाचा बर्फाचा गोळा होतो, बूच उघडताच आतला दाब त्याला उडवून देतो. तेवढी जागा वाइन आणि किंचित साखर घालून भरायची, कॉर्क लावायचा, तार बांधायची.

ही रीत फ्रेंचांची, असं जग समजतं. पण कोणत्याही इंग्लिश मळ्यात गेलात तर अर्ध्या तासाच्या आत क्रिस्टोफर मेरेट हे नाव ऐकू येईलच. ग्लॉस्टरशायरमधल्या विंचकूम गावचा हा डॉक्टर. १७ डिसेंबर १६६२ला त्याने रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. वाइनचे व्यापारी तिच्यात साखर आणि काकवी घालून ती फसफसती करतात, अशी त्यात नोंद आहे. शॅम्पेनचा जनक मानला जाणारा दों पेरिन्यों हा साधू ओव्हिलेच्या मठात आला तो त्यानंतर, १६६८ मध्ये. इंग्रजांना हे जमलं त्याचं कारण काच. १६१५ मध्ये राजा पहिला जेम्स याने काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण ओक हवा होता आरमाराला. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच मजबूत झाली. इतकी की फसफसत्या वाइनचा दाब तिला पेलवू लागला. याचा अर्थ शॅम्पेन इंग्रजांनी शोधली असा मळेवाले काढतात, तो मला पटत नाही. व्यापारी फसफसवत होते ती वाइन बाहेरून आलेली होती. बाटली मात्र इंग्रजांची, एवढं मान्य करायला हरकत नसावी. आपल्याकडेही याच रीतीची वाइन होते हे मात्र तिथे कुणाला तरी सांगाच. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात श्यामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने फ्रेंच जाणकारांच्या मदतीने केलेली ‘ओमर खय्याम’ नाईटिंबरची पहिली बाटली बाजारात येण्याआधीच ब्रिटनमध्ये विकली जात होती.

चवपाहणीला सहसा चार-पाच वाइन पुढ्यात येतात. स्पार्कलिंगमध्ये हिरव्या सफरचंदाचा, लिंबाचा ताजा आंबटपणा शोधा. तो जिभेच्या कडांवरून लाळ सुटेल असा असला पाहिजे, घशाला टोचणारा नव्हे. साध्या पांढऱ्या वाइनमध्ये बाकस मागा. हा वाण जर्मनीत तयार झाला, पण तिथल्यापेक्षा इंग्लंडमध्ये त्याचं नाव जास्त झालं आहे. त्याला कापलेल्या गवताचा आणि इंग्लिश कुंपणांवर जूनमध्ये फुलणाऱ्या एल्डरच्या पांढऱ्या फुलांचा वास असतो. लाल वाइनबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. गरम वर्षात बरी होते, एरवी ती हौसच.

किंमत ऐकून मात्र चमकाल. चांगल्या इंग्लिश स्पार्कलिंगची बाटली तीस-चाळीस पौंडांना, नावाजलेल्या शॅम्पेनच्या तोडीने. त्यात उत्पादन शुल्क अडीच पौंडांहून अधिक आणि वर २० टक्के व्हॅट. छोट्या बिअरवाल्यांना शुल्कात जी सवलत मिळते ती साडेआठ टक्के मद्यार्काच्या आतल्या मद्यांपुरतीच आहे, म्हणजे वाइनवाल्याच्या पदरी काही नाही. एकरी पीक थोडं, मजुरी भारी, आणि तयार माल दोन-तीन वर्षं तळघरात पडून. म्हणून छोटा मळा तगतो तो येणाऱ्या पाहुण्यांवर: फेरीचं तिकीट, चीजचं ताट आणि दारातच विकली गेलेली बाटली, ज्यात दुकानदाराचा वाटा नसतो. फेरीनंतर काहीच न घेता निघणं तिथे शिष्टाचाराला धरून नाही असं कुणी म्हणणार नाही, पण मला ते बरं वाटत नाही.

जायचंच तर जूनअखेर किंवा सप्टेंबरअखेर जा, दिवस आधी ठरवून. अनेक छोटे मळे रोज उघडे नसतात. गाडी चालवणाऱ्याने पिकदाणीत थुंकावं, नाहीतर रेल्वेने जाऊन पुढे टॅक्सी करावी. चार-पाच घोट म्हणता म्हणता कायद्याची मर्यादा गाठली जाते. आणि पुढे कधी दुकानात बाटली घेताना लेबल नीट वाचा. ‘इंग्लिश’ किंवा ‘वेल्श’ वाइन म्हणजे तिथे पिकलेल्या द्राक्षांची. ‘ब्रिटिश वाइन’ असं छापलेली बाटली परदेशातून आणलेल्या आटीव रसात पाणी घालून केलेली असते. ती स्वस्त असते, आणि तिथेच ठेवून द्यावी.